रेघा पचनाला, ठिपके रक्तदाबाला

इंदिराबाईंनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि त्यांची नजर नवऱ्याच्या पायांवर गेली. केशव सर समोरच्या स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत होते. दोन्ही तळव्यांवर गोल गोल लाल ठसे ओळीनं उठले होते, ताटात वाळत घातलेल्या सांडग्यांसारखे.

"अहो, हे काय झालंय पायांना?"

"रक्ताभिसरण," सर पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"मला वाटलं डास चावले."

"डास असे रांगेत चावत नाहीत, इंदिरा."

केशव सरांची उत्तरं अशीच असत, छोटी आणि ठाम. तळेगावच्या प्राथमिक शाळेत त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं होतं. मुलांवर त्यांचा अतोनात जीव. एकच गोष्ट सतरा वेळा समजावून सांगताना त्यांच्या कपाळाला कधी आठी पडली नाही. प्रश्न विचारणारं मूल म्हणजे आपल्यापुढे हात पसरून उभं राहिलेलं मूल, त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, असं त्यांचं व्रत होतं. हातावर काहीतरी ठेवायचंच. जे ठेवलं ते दर वेळी बरोबर असेच असं नाही, पण मूल खूश होऊन जाई. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी हे व्रत सुटलेलं नव्हतं, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

आंबी गावाच्या अलीकडे इंद्रायणीच्या काठानं एका संस्थेनं नवी वाट बांधली होती. अडीच किलोमीटर, गुळगुळीत, कुठे पायरी नाही की खड्डा नाही. चालणाऱ्यानं चालावं, सायकलवाल्यानं सायकल न्यावी, व्हीलचेअरवरच्या माणसानंही कुणाला हाक न मारता शेवटपर्यंत जाऊन यावं अशी. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कापणीला आलेली भातखाचरं, त्यांच्या पलीकडे कारखान्यांची निळी छपरं आणि त्याहून पलीकडे डोंगर. वाटेच्या मधोमध हातभर रुंदीचा पिवळ्या फरश्यांचा पट्टा होता. फरश्यांवर लांब लांब उंचवटे होते, रेघांसारखे. जिथे वाट वळे किंवा तिला फाटा फुटे, तिथे मात्र रेघांच्या जागी गोल ठिपके येत. माहितीचे फलक अजून रंगाऱ्याकडे होते आणि उद्घाटनही व्हायचं होतं. पण लोकांना चालायला उद्घाटन लागत नाही.

उद्घाटनाच्या बारा दिवस आधी केशव सर पहिल्यांदा तिथे फिरायला गेले. तिसरीतली एक मुलगी आईचं बोट सोडून त्यांच्यापाशी आली.

"आजोबा, ही पिवळी बटणं कशाला लावलीत?"

सरांनी खाली पाहिलं. त्यांना काहीएक माहीत नव्हतं. मुलगी मान तिरकी करून वाट पाहत होती.

"चप्पल काढ बघू," सर म्हणाले. "आता त्यांच्यावर चाल. काय होतं?"

"गुदगुल्या होतात."

"शाब्बास. गुदगुल्या का होतात? कारण आपल्या तळपायात अख्ख्या शरीराच्या नसा येतात. त्या दाबल्या की सगळं शरीर ताजंतवानं होतं. ॲक्युप्रेशर म्हणतात त्याला."

"मग इथे रेघा आणि तिथे ठिपके असं का?"

सरांनी एकदा रेघांकडे पाहिलं, एकदा ठिपक्यांकडे. "रेघा पचनाला," ते म्हणाले, "आणि ठिपके रक्तदाबाला."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते इतकं घोटीव वाटलं, की खुद्द सरांचाही त्याच्यावर विश्वास बसला. त्यांनी तिथल्या तिथे चपला काढल्या आणि ते पट्ट्यावर चढले.

शंका काढणारा माणूस भेटला नाही असं नाही. सरांचा फिरण्यातला सोबती सोपान रेल्वेतून निवृत्त झालेला होता. तो पट्ट्याकडे बघत म्हणाला, "सर, अशाच फरश्या आपल्या स्टेशनात पण आहेत की. प्लॅटफॉर्मच्या कडेला."

"स्टेशनवर माणसं काय करतात, सोपानभाऊ?"

"गाडीची वाट बघत्यात."

"म्हणजे उभी राहतात. पायाला रग लागते. मग त्यांची सोय नको?"

सोपान विचारात पडला. मग हळहळत म्हणाला, "सात वर्षं मी बूट घालून हिंडलो त्यांच्यावरनं. आन् मग शुगर लागली." त्यानं मुकाट्यानं बूट काढले आणि तो सरांच्या मागे चालू लागला.

चौथ्या दिवशी मंडळी सहा झाली. आठवड्यात वीस. पट्टा अरुंद असल्यामुळे सगळ्यांना एकामागे एक चालावं लागे. सर पुढे, मागे पेन्शनर, त्यांच्यामागे सुना-लेकी. ठिपक्यांवर आलं की डोळे मिटून शंभर श्वास मोजायचे, असा नियम सरांनी केला, कारण रक्तदाबाला घाई चालत नाही. चपला हातात धरून चालणं अवघड होऊ लागलं, तेव्हा सोपाननं जावयाच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून पत्र्याची एक पाटी रंगवून आणली. "पादत्राणे कृपया येथे काढावीत." पाटी पट्ट्याच्या तोंडाशी उभी केली. लोकांनी पाटीचं अक्षरशः ऐकलं. पाटी जिथे होती तिथेच, म्हणजे पट्ट्याच्या पहिल्या फरश्यांवर, चपलांचा ढीग पडू लागला.

नवलाख उंबरे गावचा हौशीराम रोज मोटरसायकलवरून दुधाच्या किटल्या घेऊन त्या बाजूनं जाई. त्यानं पाहिलं, वीस माणसं अनवाणी, तोंडातून शब्द न काढता, रांगेनं चालली आहेत. एका जागी थांबतात. डोळे मिटतात. पुटपुटतात. त्याला शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यानं गाडी स्टँडवर लावली, वहाणा काढल्या आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. ठिपके आले तसे त्यानं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तो सरांना म्हणाला, "गुरुजी, जागा लय कडक हाय."

"जागा नव्हे हो. दाब. सायन्स आहे हे."

"व्हय, सायन्सच म्हनायचं. पर काल म्हशीनं दीड लिटर जास्ती दिलं."

त्याच्या पुढच्या दिवशी फाट्यावरच्या ठिपक्यांना हळदकुंकू लागलं होतं. वर एक नारळ. वाटेच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणाऱ्या नंदाबाईनं चहाशेजारी झेंडूच्या फुलांची टोपली मांडली आणि तीही रांगेत चालू लागली.

"नंदाबाई, हे देवस्थान नाहीये," सर म्हणाले.

"न्हाई कसं? तुमीच तर चपला काढाय लावल्या. देवाबिगर कोन चपला काढाय लावतंय?"

"डॉक्टर लावतो."

"मग त्येलाबी हात जोडतोच की आमी."

खरं तर सरांना फार वाईट वाटलं नाही. माणसं सकाळी उठून चालत होती, त्यांचं म्हणणं ऐकत होती, आणि इतका मोठा वर्ग त्यांच्यापुढे आठ वर्षांत बसला नव्हता.

अशात प्रज्ञेशचा फोन आला. ज्या संस्थेनं वाट बांधली तिचं काम तो पाहत असे.

"सर, येत्या रविवारी उद्घाटन आहे. तुम्ही रोज लोकांना घेऊन येता असं कळलं. आणि त्या पिवळ्या पट्ट्याची तर तुम्ही फार छान माहिती देता म्हणे. आम्हाला वाटलं होतं, लोकांना ते समजायला वर्ष तरी जाईल."

"समजावून सांगणारा लागतो," सर म्हणाले.

"अगदी. रविवारी शाळेची मुलं येणार आहेत. त्यांच्यासाठी चार शब्द बोलाल? अजून एक. पट्ट्यावरून पहिल्यांदा चालत येणार आहे ती तुमचीच विद्यार्थिनी आहे. अपूर्वा."

सरांना दोन वेण्यांची, तिसऱ्या बाकावर बसणारी, कान टवकारून ऐकणारी मुलगी आठवली. पंचवीस वर्षांत भेट नव्हती. "काय करते आता ती?"

"लोणावळ्याला बँकेत आहे. वाटेच्या आराखड्यात तिचा मोठा वाटा आहे सर. पट्ट्याचा मीटर न् मीटर तिनं स्वतः चालून पाहिलाय."

"अनवाणी?"

"अं... नाही. बूट घालून."

"हरकत नाही," सर उदारपणे म्हणाले, "शिकेल."

रविवारी वाटेच्या आतल्या बाजूला, पार्किंगपासून दोनशे मीटरवर, मांडव घातला होता. शाळेची साठेक मुलं, संस्थेचे लोक, पुण्याहून आलेले पाहुणे, आणि सरांचा सगळा वर्ग. पाटी वाचून प्रत्येकानं पादत्राणं काढली होती. पाहुण्यांचे पॉलिश केलेले बूट, मुलांच्या चपला, बायकांचे सँडल, सगळं पट्ट्याच्या सुरुवातीला ओसंडत होतं. सर व्यासपीठावर अनवाणी बसले होते. खिशात भाषणाचा कागद होता. त्याचं शीर्षक होतं, "पाय: आरोग्याचे प्रवेशद्वार". पहिल्या रांगेत इंदिराबाई जरीकाठाच्या साडीत बसल्या होत्या.

प्रज्ञेशनं माइक हातात घेतला. "आज आपण फीत कापणार नाही. अपूर्वा पार्किंगपासून इथपर्यंत एकटी चालत येईल, तेच उद्घाटन. अपूर्वाला दिसत नाही. आजवर कुठेही फिरायला जायचं तर तिला कुणाचा तरी हात धरावा लागायचा. इथे लागणार नाही. कारण हा पिवळा पट्टा तिच्यासाठी आहे. त्याच्यावरच्या रेघा काठीला आणि पायाला सांगतात, सरळ चालत राहा. ठिपके सांगतात, थांबा, पुढे वळण आहे. केशव सर हे तुम्हाला रोज सांगतातच."

सरांच्या तळपायांतून काहीतरी ऊन ऊन वर चढलं. पोटऱ्या, पोट, मान, कान. हे रक्ताभिसरण नव्हतं. सोपान समोरून त्यांच्याकडे बघत होता. सरांनी त्याच्याकडे न बघता वाटेकडे पाहिलं. लांब पार्किंगपाशी निळ्या ड्रेसमधली एक बाई पांढरी काठी उघडत होती. तिच्यात आणि पट्ट्यात दीडशे चपला पडल्या होत्या.

सर उठले आणि व्यासपीठाच्या मागच्या बाजूनं उतरून पळत सुटले. दोनशे मीटर ते कधी पळाले होते ते त्यांना आठवत नव्हतं. पाटीपाशी पोहोचून ते वाकले आणि हाताला येईल ती चप्पल उचलून छातीशी धरू लागले. चार जोड झाले. सहा झाले.

बंदोबस्ताला असलेल्या होमगार्डनं त्यांचं कोपर पकडलं. "ओ काका. कुणाच्या चपला उचलताय?"

"सगळ्यांच्या," सर धापा टाकत म्हणाले.

"सगळ्यांच्या?" होमगार्डनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "दिसायला तर चांगल्या घरचे दिसताय."

"सोडा मला. ती येतेय."

"कोण, मॅडम? मॅडमनी सांगितलंय चपला उचलायला?"

तोवर काठीचा टकटक आवाज जवळ आला होता. मग तो बंद पडला. काठीचं टोक मऊ कशात तरी रुतलं. अपूर्वानं काठी वर उचलली. टोकाला एक निळी स्लीपर लटकत होती. तिनं ती हातानं चाचपून पाहिली, आणि नीट बाजूला ठेवली.

"इथे देऊळ झालंय का?" तिनं शांतपणे विचारलं. "आराखड्यात नव्हतं."

सरांना बोलायचं होतं, पण छातीशी सहा जोड आणि कोपराला होमगार्ड असताना ओळख कशी द्यावी ते त्यांना सुचेना. अपूर्वा काठीनं अंदाज घेत ढिगाला वळसा घालून गेली, पुन्हा पट्टा शोधला आणि चालू लागली. मांडवाजवळच्या फाट्याच्या ठिपक्यांवर हौशीराम उभा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. काठी त्याच्या घोट्याला लागली.

"जरा थांबा ताई," हौशीराम डोळे न उघडता म्हणाला. "शंभर व्हायच्यात. ऐंशी झाल्यात."

"काय ऐंशी झाले?"

"श्वास."

अपूर्वा थांबली. वीस श्वासांपर्यंत ती खरोखर थांबली असती, पण काठी जरा डावीकडे सरकली आणि नारळाला लागली. नारळ गडगडत भातखाचरात गेला. हौशीरामनं डोळे उघडले आणि पांढरी काठी पाहिली. तो एका ढांगेत बाजूला झाला.

अपूर्वा मांडवात पोहोचली तेव्हा टाळ्या झाल्या, पण त्या मध्येच विरल्या, कारण प्रज्ञेश फाट्यावर येऊन उभा होता आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं हळदकुंकू पाहिलं, फुलं पाहिली, टोपली घेऊन उभी असलेली नंदाबाई पाहिली.

"काय चाललंय हे?" तो म्हणाला. माइक त्याच्या हातातच होता. "दोन वर्षं खपून एक चांगली गोष्ट करायची आणि तुम्ही तिचं देवस्थान करायचं? तिला काही झालं असतं तर? किती ही अंधश्रद्धा. कुणी सांगितलं तुम्हाला हे असलं?"

नंदाबाईनं मान वळवून केशव सरांकडे पाहिलं. हौशीरामनंही पाहिलं. सोपान नदीकडे बघत होता. सर होमगार्डसकट अपूर्वाच्या मागोमाग तिथवर आले होते आणि चपला पोटाशी धरून उभे होते.

"कुनी न्हाई साहेब," नंदाबाई म्हणाली. "आमालाच वाटलं. अडानी मानसं आमी. चुकलं."

"व्हय," हौशीराम म्हणाला. "चुकलं आमचं."

सरांचं तोंड उघडलं. आणि मिटलं. समोर साठ मुलं होती, पाहुणे होते, इंदिराबाई होत्या. फार नाही, तीनचार सेकंद गेले असतील. पण तेवढ्यात वेळ निघून गेली, कारण प्रज्ञेशचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

"अहो होमगार्ड, सोडा त्यांना. केशव सर आहेत ते. बघा मंडळी, एक शिकलेला माणूस या वयात धावत जाऊन सगळ्यांच्या चपला स्वतःच्या हातानं उचलतोय. याला म्हणतात जाण."

टाळ्यांचा कडकडाट झाला. होमगार्डनं सॅल्यूट ठोकला आणि सरांच्या हातातल्या चपला आदरानं काढून घेतल्या. सरांना नवरदेवासारखं धरून व्यासपीठावर नेण्यात आलं. जन्मात इतकी लाज वाटली नव्हती आणि जन्मात इतक्या टाळ्याही पडल्या नव्हत्या.

अपूर्वा माइकपाशी आली. "केशव सर इथे आहेत ना?" तिनं विचारलं. "मग मी त्यांच्याबद्दलच बोलते. तिसरीत मला फळा दिसेनासा झाला. घरी कळलं तर शाळा बंद होईल म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. पण सर फळ्यावर लिहायचे ते शब्द न् शब्द मोठ्यानं म्हणत लिहायचे. 'नदी' लिहिताना 'न, द दीर्घ' असं. दोन वर्षं मी तो फळा कानांनी वाचला. त्या दोन वर्षांत जे शिकले त्याच्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. बस, एवढंच."

"म्हणजे सरांनी न सांगता ओळखलं होतं," प्रज्ञेश भारावून म्हणाला. "आता सर आपल्या मुलांना या पट्ट्याबद्दल सांगतील."

इंदिराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सर उठले. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला, आणि त्यांची नजर मांडवाच्या बाहेर गेली. फाट्यावर नंदाबाई गुडघ्यावर बसून ठिपक्यांवरचं हळदकुंकू पदराच्या टोकानं पुसत होती. एकेक ठिपका. मध्ये मध्ये ती हात टेकत होती.

सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मुलांनो," ते म्हणाले, "बारा दिवसांपूर्वी तुमच्याएवढ्या एका मुलीनं मला विचारलं, हा पट्टा कशाला आहे. मला माहीत नव्हतं. तसं सांगायला एक सेकंद लागला असता. मी सांगितलं, रेघा पचनाला आणि ठिपके रक्तदाबाला. मनानं ठोकून दिलं. मग लोकांना अनवाणी चालायला लावलं. ती पाटीही आम्हीच लावली. मघाशी नंदाबाई आणि हौशीरामभाऊ म्हणाले की चूक त्यांची. त्यांची नाही. माझी आहे. ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी ते बोलू दिलं. हे पहिल्या चुकीपेक्षा वाईट."

प्रज्ञेश खाली बघत होता. मग तो व्यासपीठावरून उतरला, फाट्यावर गेला आणि नंदाबाईशेजारी बसून रुमालानं ठिपके पुसू लागला. तो तिला काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती मात्र तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "पर सर, माजा गुडगा दुखायचा थांबलाय त्येचं काय?"

"चालण्यानं थांबलाय, नंदाबाई. पट्ट्याच्या शेजारून चाललात तरी थांबेल."

"चपला घालून?"

"चपला घालून."

नंदाबाईनं क्षणभर हिशेब केला. "मग आमाला येवढे दिस अनवानी कशापायी चालीवलं?"

"चुकलं माझं," सर म्हणाले.

मुलं हसू लागली. मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या हौशीरामनं हात वर केला, वर्गात करतात तसा. "गुरुजी, आन् म्हशीचं दीड लिटर?"

सरांनी माइक तोंडाजवळ धरला. "माहीत नाही," ते म्हणाले. चौतीस वर्षांत न उच्चारलेलं हे वाक्य आपण पहिल्यांदा माइकवरून आणि म्हशीच्या दुधाबद्दल बोलू, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

कार्यक्रम संपला. पुण्याचे पाहुणे सरांना टाळून चहाकडे गेले. सोपान आणि होमगार्ड पट्ट्यावरच्या चपला उचलून कडेला लावत होते. इंदिराबाई आल्या, त्यांनी ढिगातून सरांच्या चपला शोधून आणल्या होत्या. त्या त्यांनी सरांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "घाला आता." एवढंच. घरी काय बोलणं होणार ते सरांना त्या दोन शब्दांवरून समजलं.

अपूर्वा पार्किंगकडे परत निघाली होती. सर तिच्या बरोबरीनं चालू लागले, ती पट्ट्यावर आणि ते पट्टा सोडून. भाताचा वास येत होता. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"अपूर्वा," सर अखेर म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. तिथे सगळ्यांसमोर धीर झाला नाही."

"बोला ना, सर."

"ते फळ्यावर मोठ्यानं म्हणत लिहायचो ना, ते तुझ्यासाठी नव्हतं. तुला दिसत नाही हे मला आज कळलं. आज, माइकवरून." सर काठीकडे बघत चालत होते. "माझं शुद्धलेखन कच्चं होतं. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हात लिहून जायचा आणि मला पत्ता नसायचा. मोठ्यानं म्हटलं की चूक कानाला लागायची. शाळेत कुणाला कळू नये म्हणून चौतीस वर्षं असं निभावलं. तू टाळ्या मिळवून दिल्यास, पण त्या माझ्या नाहीत."

काठी टकटक करत राहिली. अपूर्वाच्या चालण्यात फरक पडला नाही.

"ठाऊक आहे सर," ती म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"डस्टरचा आवाज यायचा ना. बाकीचे वहीत उतरवून घ्यायचे, मला फक्त ऐकायचं काम होतं. तुम्ही म्हणायचात, लिहायचात, मग हळूच पुसायचात." ती हसली. "एकदा 'आशीर्वाद' तुम्ही तीन वेळा पुसलात."

ठिपके आले. अपूर्वा थांबली. पट्ट्याच्या कडेला सरही थांबले आणि खाली मान घालून आपल्या चपलांकडे पाहू लागले.

"चार वेळा," ते म्हणाले.